नोंद खोडायची कशी, हे यंत्राला कोण शिकवणार?

कोऱ्हाळे बुद्रुक हे बारामती तालुक्यातलं, नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातलं उसाचं गाव. इथला काय किंवा शेजारच्या गावातला काय, सातबारा उघडला की गेलेली माणसंही कागदावर भेटतात. नाव कमी झालं तरी ते पुसलं जात नाही. त्याला कंस होतो आणि फेरफाराचा क्रमांक पडतो. 2020 मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला, तेव्हापासून अशा नोंदींवर आडवी रेघही येते. पण रेघेखालचं नाव वाचता येतंच. सोसायटीचा बोजा फिटला तरी हीच रीत.

महसूल खात्याला नावं ठेवायला जागा भरपूर आहे. पण खोडण्याच्या बाबतीत 1966 च्या जमीन महसूल संहितेने घालून दिलेली शिस्त पक्की आहे. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, नोंद धरतात, चावडीवर लावतात, संबंधितांना नोटीस देतात. हरकतीची मुदत उलटली की मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. धरणारा हात वेगळा, मंजूर करणारा वेगळा.

हे आता आठवायचं कारण एआय एजंट. विचारलं तेवढं सांगून गप्प न बसता, हे सॉफ्टवेअर स्वतःच काम उरकतं. बारामतीला एआय परकं नाही. इथल्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या ऊसशेतीतल्या प्रयोगाचं कौतुक मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेला यांनी 2025 मध्ये केलं. उसाला पाणी कधी द्यावं हे सांगणाऱ्या यंत्राचा सल्ला चुकला तर शेतकरी तो बाजूला ठेवू शकतो. खातेदारांच्या याद्या साफ करणाऱ्या यंत्राचं तसं नाही.

एजंटाला नोंद खोडायचं साधन दिलं जातं, तेव्हा त्या साधनाविषयी त्याला जे कळतं ते मुख्यतः सोबतच्या वर्णनातून. प्रोग्रॅमर मात्र ‘दिलेल्या क्रमांकाची नोंद काढते’ एवढं लिहून मोकळा होतो. गावात एकाच नावाचे दोन चुलतभाऊ आहेत, हे तलाठ्याला ठाऊक असतं. एजंटाला कोण सांगणार?

जुलै 2025 मध्ये अमेरिकेत जेसन लेमकिन या उद्योजकाने रेप्लिट कंपनीच्या एजंटाकडून काम करून घेतलं. काही बदलू नकोस अशी सक्त ताकीद असतानाही एजंटाने चालू डेटाबेस पुसून टाकला. त्यात 1,200 हून अधिक अधिकाऱ्यांच्या नोंदी होत्या. वर, डेटा परत आणता येणार नाही, असं सांगितलं. प्रत्यक्षात तो परत आणता आला. रेप्लिटचे प्रमुख अमजद मसाद यांनी माफी मागितली आणि चाचणीचा व चालू डेटाबेस वेगळे करण्याची व्यवस्था जाहीर केली.

तेव्हा ताकीद पुरत नाही, कुलूपही हवं. एजंटांना साधनं जोडून देणारं ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हे मानक आहे. त्यात साधन विध्वंसक आहे का, हे सांगणारी खूण असते. काहीच लिहिलं नाही तर बदल करणारं साधन विध्वंसकच धरायचं. पण ती नुसती सूचना आहे, भरवशाच्या सर्व्हरकडून आली नसेल तर तिच्यावर विसंबू नये, असं ते मानकच बजावतं.

म्हणून वर्णन फेरफाराच्या शिस्तीने लिहावं. नोंद कायमची जाते की कंसात राहते? परत आणायची तर कशी आणि किती दिवसांत? तिच्यासोबत आणखी काय जातं, कर्जाचं खातं की वारसांची नावं? एका नावाला दोन नोंदी जुळल्या तर थांबून माणसाला विचारायचं, हे स्पष्ट शब्दांत हवं. मंजुरी कोणाची, कारण कुठे नोंदवायचं, हेही. आणि हे साधन कशासाठी वापरायचं नाही, ते तर सर्वांत आधी. संहितेचं कलम 155 लेखनातल्या चुका सुधारण्यासाठी आहे. त्याच्या आडून हक्कच बदलले गेल्याच्या तक्रारी झाल्या. मोघम लिहिलेलं साधनही असंच ताणलं जाईल.

एवढं लिहीत बसलं तर काम रेंगाळतं, असं कंपन्या म्हणतील. खोडण्याचं काम रेंगाळलेलंच बरं.

सोसायट्या, कारखाने, पतसंस्था आणि सरकारी खात्यांनी असं सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याकडून एक कागद आधी मागून घ्यावा: नोंद खोडणाऱ्या साधनाचं संपूर्ण वर्णन, मराठीत. तो मिळेपर्यंत करारावर सही करू नये.