निकालानंतरचे सहा आठवडे

वेळापूर (ता. माळशिरस) : दहावीच्या परीक्षेपूर्वी जादा तास, सराव प्रश्नपत्रिका, अभ्यासिका यांना सहसा तोटा नसतो. मदतीची खरी निकड भासते ती निकालानंतर, अनुत्तीर्णांना. आणि नेमके तेव्हाच शाळेला कुलूप असते.

२०२५ चेच उदाहरण घ्यावे. राज्य मंडळाचा निकाल १३ मे रोजी ९४.१० टक्के लागला. पुरवणी परीक्षा २४ जूनला सुरू झाली. म्हणजे हाती सहा आठवडे. पण शाळा उघडल्या १६ जूनला. २०१५ पूर्वी ही फेरपरीक्षा ऑक्टोबरमध्ये होत असे. ती अलीकडे आल्याने विद्यार्थ्यांचे वर्ष वाचते, हे निःसंशय. मात्र तयारीचे महिने गेले ते गेलेच. त्यातच ज्ञानेश्वर माउलींची पालखी आषाढीपूर्वी वेळापूरला मुक्कामी येते. गाव वारकऱ्यांनी फुललेले असताना गणिताचे पुस्तक उघडणे सोपे नाही.

एक-दोन विषय राहिल्यास एटीकेटीच्या सवलतीने अकरावीत प्रवेश मिळतो. तीन विषय राहिलेल्यांना ती वाटही बंद. ऊसपट्ट्यात असा मुलगा शेतातल्या कामाला जुंपला जातो, मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. मग पुरवणीचा अर्ज भरायचा राहून जातो.

उपाय खर्चिक नाही. निकालाच्या आठवड्यातच शाळेने पालकांना बोलावून अर्ज भरून घ्यावेत आणि गणित-इंग्रजीचे रोज दोन तास सकाळी घ्यावेत. प्रश्न उरतो तो सुटीत येणाऱ्या शिक्षकांच्या मानधनाचा. मार्चपूर्वीच्या जादा तासांसाठी पुढे येणाऱ्या संस्था व देणगीदारांनी तो मे महिन्यासाठी उचलावा.