सातासमुद्रापार गोदाम... पण कुठे?

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालाव्यात ही विनंती. विषय मात्र कुठल्या सबमिशनमधला नाही, माझ्या रूम पार्टनरच्या घरातला आहे.

त्याचे काका कोल्हापूरचे. चपलांचा धंदा. गेली काही वर्षं ते इंटरनेटवरून ऑर्डर घेऊन अमेरिकेत एकेक जोड पोस्टाने पाठवायचे. २०१६ पासून अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर ड्यूटी नव्हती, म्हणून हे जमत होतं. २९ ऑगस्ट २०२५ ला ती सवलत सगळ्याच देशांसाठी बंद झाली. ड्यूटी कोणी आणि कशी गोळा करायची याचाच घोळ होता, म्हणून आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. ती सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला. आणि लक्ष्मीपूजन होतं २१ ला! काकांच्या दिवाळीच्या ऑर्डर्स घरातच राहिल्या.

मग जो तो सल्ला द्यायला लागला, "परदेशात गोदाम घ्या." म्हणजे बांधायचं नाही हं. तिकडच्या एखाद्या कंपनीच्या गोदामात माल ठेवायचा, ऑर्डर आली की ते पॅक करून पाठवणार, आपण भाडं भरायचं. सुट्टीत मी कोल्हापूरला गेलो तेव्हा काकांनी मलाच धरलं. "तू इंजनेर हायस न्हवं? मग सांग की, कुठं टाकू माल?"

मी लगेच वही काढली. ओ.आर.मध्ये आपण सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी मेथड शिकतो ना? प्रत्येक गावाचे कोऑर्डिनेट्स घ्या, मागणीने गुणा, सरासरी काढा, झालं. काकांची निम्मी गिऱ्हाइकं न्यू जर्सीकडे, निम्मी कॅलिफोर्नियात. उत्तर आलं कॅन्ससमध्ये, बहुधा गव्हाच्या शेतात! काका इतके हसले की बशीतला चहा सांडला.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की जागा नुसत्या अंतरावरून ठरत नाही. ॲमेझॉनचंच बघा. त्यांनी २०१४ मध्ये पोलंडमध्ये मोठी गोदामं उघडली ती मुख्यतः जर्मन गिऱ्हाइकांसाठी. पोलंडची स्वतःची वेबसाइट आली थेट २०२१ मध्ये! मजुरी कमी, जर्मनी शेजारी, आणि दोन्ही देश युरोपियन युनियनमध्ये असल्याने मधे कस्टम्स नाही. हे शेवटचं नसतं तर पहिल्या दोघांचा काय उपयोग?

दुबईवाला सल्ला नेमका इथेच फसतो. जेबेल अली फ्री झोन १९८५ पासून आहे, तिथे ड्यूटी न भरता माल ठेवता येतो, आखातात विकायला उत्तमच. पण अमेरिकेची ड्यूटी माल कुठून निघाला यावर नाही, कुठे बनला यावर लागते. सहा महिने दुबईत राहिली म्हणून कोल्हापुरी चप्पल काही दुबईची होत नाही.

राहिली अमेरिका. न्यू जर्सी, लॉस एंजेलिस, की दोन्हीकडे? दोन्हीकडे म्हणणाऱ्यांनी चपलेचा विचारच केलेला नाही. पुस्तकातला स्क्वेअर रूटचा नियम सांगतो की गोदामं एकाची चार केली तर सेफ्टी स्टॉक साधारण दुप्पट लागतो. त्यात दहा डिझाइनं, आठ साइझ, म्हणजे ऐंशी प्रकार! आठ नंबर पूर्वेला संपलेला आणि पश्चिमेला धूळ खात पडलेला, हे होणारच. म्हणून एकच, न्यू जर्सी. न्हावा शेवाहून सुएझमार्गे निघालेलं जहाज त्याच किनाऱ्याला लागतं. (२०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तरी किनारा तोच.)

खरा फायदा तर वेगळाच आहे. साइझ बसली नाही म्हणून परत आलेली चप्पल तिथेच तपासून दुसऱ्याला विकता येते. कोल्हापूरला परत मागवायची तर भाडंच चपलेपेक्षा महाग! पण ड्यूटी माल उतरतानाच भरायची, मग तो विकला जावो न जावो. म्हणून मी म्हणालो, हमखास खपणारी तीनच डिझाइनं तिकडे ठेवा, बाकीचे जोड ड्यूटी भरून इथूनच पाठवा, उशीर झाला तर होऊ दे.

काकांना पटलं, पण अर्धंच. म्हणाले, "लेका, महिनाभर डब्यात बंद चामडं, समुद्राची हवा. बुरशी धरंल, त्याचं काय?"

माझ्या वहीत बुरशीसाठी कॉलमच नव्हता. सध्या दोन खोकी पट्टी मारून माळ्यावर ठेवली आहेत, एकात सिलिका जेलच्या पुड्या, एक तसंच. पावसाळा संपला की उघडणार आहोत.