पिशवी काढायची की नाही, हे कोण ठरवणार?



दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या टोळ्या कोयता घेऊन निघतात. धारूर, वडवणी, केज, पाटोद्याच्या वाड्या-वस्त्या ओस पडतात. आपल्या समाजाची कितीतरी कुटुंबे त्यात असतात. निघण्यापूर्वी बाई दवाखान्यात जाते. अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, पाळीत रक्त फार जाते. एखादा डॉक्टर सांगून मोकळा होतो, "पिशवी खराब झाली, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." मुकादमाची उचल घेतलेली असते, खाडा पडला की पैसे कापले जातात. नवरा म्हणतो, एकदाचे मिटवून टाकू. बाईला मात्र कोणी विचारतच नाही.

२०१९ साली शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींत एक! देशात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमध्ये हे प्रमाण तीनच्या आसपास आहे. त्याच वर्षी बीडच्या खासगी दवाखान्यांना या ऑपरेशनपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन घातले गेले. बंधन योग्यच, पण परवानगी साहेबांची झाली, बाईच्या मनाचे काय?

पांढरे जाणे अनेकदा जंतूंमुळे असते, ते औषधाने बरे होते. जास्त रक्तस्रावावरही आधी गोळ्या आहेत. कॅन्सरची शंका असेल तर तपासणी करता येते. मोठ्या गाठी, खरोखरीचा कॅन्सर, औषधाला दाद न देणारा रक्तस्राव, अशा वेळी ऑपरेशन लागते आणि तेव्हा घाबरू नये. परंतु पिशवीबरोबर बीजकोषही काढले, तर पाळी एकदम जाते, तिशी-पस्तिशीतच हाडे ठिसूळ होऊ लागतात. मग मोळी कोण उचलणार?

डॉक्टरला रोग कळतो, पण तुमचे जगणे तुम्हालाच ठाऊक. सहा महिने कोपीवर राहायचे, पाणी दूर, संडास नाही, विश्रांती नाही, हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कसे कळणार? सांगितले, तर तो हंगामभर पुरतील एवढ्या गोळ्या देईल, फडाजवळच्या सरकारी दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहील. एकाच रोगाच्या दोन बायकांना उपचार वेगळा लागू शकतो.

आजारी भिक्खूने आपले दुखणे जसे असेल तसे सांगावे, अशी शिकवण विनयात आहे. आणि केवळ अधिकारी माणूस सांगतो म्हणून मानू नका, हे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. तेव्हा डॉक्टरला प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

कायदाही तेच सांगतो. दिल्लीतल्या एका खटल्यात तपासणीसाठी बेशुद्ध केलेल्या बाईची पिशवी तिच्या आईच्या संमतीने काढली होती. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सज्ञान रुग्णाची संमती तिची स्वतःचीच हवी, जिवावर बेतले असेल तेवढाच अपवाद. सासू, नवरा, मुकादम यांचा अंगठा चालत नाही.

म्हणून अंगठा उठवण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. मला नेमके काय झाले आहे? औषधाने बरे होईल का? ऑपरेशनने फायदा काय, धोका काय, आणि बीजकोष ठेवणार का? काही महिने थांबले तर काय होईल? उत्तर पटले नाही, तर कागद घेऊन जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

विजयादशमीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी, आपण विहारात जमतोच. त्या दिवशी वस्तीतल्या शिकलेल्या मुलींनी हे चार प्रश्न कागदावर उतरवून टोळीबरोबर जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या हाती द्यावेत. जिला वाचता येत नाही, तिला पाठ करून द्यावेत.