लशीच्या बाटलीचा हिशेब

दूध नासलं की आईला लगेच कळतं. वास येतो, तापवायला ठेवलं की फाटतं. पण लस खराब झाली तर? ना वास, ना चव! उन्हात तापलेली लसही बाटलीत चांगल्या लशीसारखीच दिसते. सिस्टर ती टोचतात, बाळ रडतं, कार्डावर तारीख पडते आणि घरचे निर्धास्त होतात. संरक्षण मात्र मिळालेलंच नसतं!

म्हणून लस थंड ठेवून भागत नाही. कारखान्यापासून दंडापर्यंत ती थंडच होती, याचा हिशेबही ठेवावा लागतो.

बहुतेक लशींना २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागतं. तुम्ही म्हणाल, ‘मग सरळ बर्फातच ठेवा की!’ अंहं! दही बर्फाच्या कप्प्यात ठेवून पाहा. वितळल्यावर पाणी वेगळं, गुठळ्या वेगळ्या. धनुर्वाताची लस गोठली की तिचंही असंच होतं आणि ती निकामी होते. उलट पोलिओच्या थेंबांचा मोठा साठा उणे २० अंशांत ठेवतात. ज्याचा त्याचा स्वभाव!

पोलिओच्या बाटलीवर एक छोटं वर्तुळ असतं आणि त्यात फिकट चौकोन. उष्णता लागेल तसा चौकोन गडद होत जातो. तो वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला, की बाटली बाद!

पूर्वी साठ्याचा हिशेब फक्त रजिस्टरात असे. फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा लिहायचं. पण मध्यरात्री वीज गेली तर? शिवाय एका केंद्रात लशींची मुदत संपत आलेली असायची, तर दुसऱ्या केंद्रातून बाळाला कडेवर घेऊन आलेली आई तशीच परत जायची. दोन्ही रजिस्टरं चोख, पण एकाची खबर दुसऱ्याला नाही!

यावर उपाय म्हणून २०१५ पासून आपल्या देशात ‘ई-विन’ ही व्यवस्था सुरू झाली. फ्रिजमध्ये एक छोटं यंत्र बसवतात. त्यात मोबाइलसारखं सिमकार्ड असतं. तापमान बिघडलं, की ते मोबाइलवर निरोप धाडतं. लसीकरण संपलं की कर्मचारी किती बाटल्या आल्या, गेल्या, उरल्या हे फोनवर भरतात. मग जिल्ह्याच्या साठ्यात बसून कळतं, कुठे जास्त आहे आणि कुठे संपत आलंय.

करोनाच्या काळात हीच व्यवस्था कामी आली. १३ जानेवारी २०२१ रोजी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविशील्डचे १,३९,५०० डोस मुंबईत आले आणि परळला महापालिकेच्या साठ्यात ठेवले गेले. १६ जानेवारीला लसीकरण सुरू झालं. त्या पहिल्या केंद्रांमध्ये आपल्या सांताक्रूझचं व्ही. एन. देसाई रुग्णालयही होतं. एका बाटलीत १० डोस, आणि बाटली उघडली की ४ तासांत संपवायची. नऊच माणसं आली तर? दहावा डोस वाया. तोही हिशेबात लिहायचा, लपवायचा नाही!

कारण यंत्र तापमान सांगेल, पण बाटल्या मोजणार माणूसच. फ्रिजमध्ये २२ बाटल्या असताना कुणी ३० लिहिल्या, तर फोनही बिचारा ३०च सांगणार! मग नवा साठा उशिरा येणार आणि रांगेतलं शेवटचं बाळ तसंच घरी जाणार.

आता एक कोडं. तुमच्याकडे दोन खोके आहेत. एकाची मुदत मार्चमध्ये संपते, दुसऱ्याची जूनमध्ये. पण जूनच्या बाटल्यांवरचा चौकोन बराच गडद झालाय, अजून बाद झालेला नाही. आधी कुठला खोका उघडाल?

उत्तर : जूनचा! तारीख लांबची असली, तरी उष्णतेने त्याचं आयुष्य आधीच खाल्लंय.

धाकट्या भावंडाला पोलिओचे थेंब पाजायला न्याल तेव्हा सिस्टरना तो चौकोन दाखवायला सांगा. आणि हो, लसीकरणाचं कार्ड जपून ठेवा. तो तुमचा स्वतःचा हिशेब आहे!