फायनल, फायनल-२, खरंच फायनल

गेल्या सेमिस्टरला सावेडीच्या रूमवर आम्ही चौघांनी पावसाच्या आकडेवारीवर प्रोजेक्ट केला. व्हायव्हात सरांनी एका सरासरीवर बोट ठेवलं, "ही कशी आली?" चौघेही गप्प! पेनड्राइव्हवर 'फायनल', 'फायनल-२', 'खरंच फायनल' अशा एक्सेल फाइल्स. आकडा एकीतही जुळेना. मार्क गेले ते गेलेच, पण उत्तर बरोबर होतं की चूक, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.

हसू नका, मोठ्यांचंही असं होतं. रेनहार्ट आणि रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांच्या २०१० च्या निबंधात एक्सेलच्या सूत्रातून पाच देशच सुटले होते. २०१३ मध्ये ती चूक थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने पकडली, कारण मूळ फाइल त्याला मिळाली.

आपल्या जवळचं हिवरे बाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतं, त्यावर पिकं ठरतात. गावाचा हिशोब उघड्यावर, मग इंजिनिअरचा अंधारात का?

उपाय फुकट आहे. लिनस टॉरव्हाल्ड्सने २००५ मध्ये लिहिलेलं 'गिट' प्रत्येक बदल कुणी, कधी केला ते नोंदवतं. का केला ते आपण एका ओळीत लिहायचं. मूळ डेटाला हात लावायचा नाही, आकडेमोड आर किंवा पायथनच्या स्क्रिप्टमध्ये करायची. बस्स!

सरांना विनंती, बाइंडिंग केलेल्या रिपोर्टसोबत ही नोंदही मागा. आणि मित्रांनो, सबमिशनच्या आदल्या रात्री शेजारच्या रूमवाल्याला तुमची स्क्रिप्ट चालवायला द्या. त्याच्याकडे तोच आकडा आला, तरच झोपा.