झिरोचा दिवा

गेल्या श्रावणातील गोष्ट. पहाटे तीनच्या सुमारास घरात काही पडल्याचा आवाज झाला आणि आम्ही सारे धावलो. सासूबाई माजघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात भिंतीला टेकून बसल्या होत्या. वय ७८. पहाटे लवकर उठून जपाला बसण्याचा त्यांचा नेम आहे. त्या दिवशी पावसाने ओलसर झालेल्या फरशीवर पाय सरकला. डाव्या मनगटाचे हाड मोडले. मांडीचे मोडले नाही, हे आमचे भाग्य.

बोळात दिवा आहे. त्याचे बटण त्यांच्या खोलीच्या दाराशीच आहे. दिवा का लावला नाही, असे विचारल्यावर त्यांचे उत्तर ठरलेले: "अगं, दहा पावलांसाठी वीज कशाला जाळायची?" ज्या पिढीने रॉकेलच्या कंदिलाची काच रोज राखेने पुसली, त्या पिढीचा हा संस्कार आहे आणि मला त्याविषयी आदरच वाटतो. पण त्याच वेळी देव्हाऱ्याच्या खोलीत एक लाल बल्ब रात्रभर जळत होता. तो गेली कित्येक वर्षे तसाच जळतो. त्याविषयी मात्र कोणी काही बोलत नाही, कारण तो 'झिरोचा' दिवा. झिरो म्हणजे शून्य. शून्याला वीज कसली लागणार?

वाचक भगिनी-बंधूंनो, हा झिरोचा दिवा आपल्यापैकी कितीतरी घरांत असेल. मी तो थंड झाल्यावर काढून उजेडात धरला, तेव्हा काचेवर पुसट अक्षरे दिसली: १५ वॅट. म्हणजे आमच्या घरात जिथे माणूस चालते तिथे अंधार होता, आणि जिथे रात्री कोणीच नसते तिथे पंधरा वॅट जळत होते. हाडाच्या डॉक्टरांचे बिल हातात असताना हा हिशेब मला फार टोचला. काटकसर आमच्या घरात होती; पण ती चुकीच्या जागी होती.

सासूबाईंना सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये बसायचे होते. आमचा धाकटा मुलगा दहावीत आहे. त्याने आजीला एक काम दिले, आणि तेच या लेखाचे निमित्त ठरले.

आजकाल घरोघरी इलेक्ट्रॉनिक मीटर आहेत. त्यांवर एक बारीक तांबडा दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एक आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर तो ३२०० आहे, म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट वीज खर्च झाली. घरातील सर्व काही बंद करून एकच दिवा लावायचा आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे. ३२००च्या मीटरसाठी ११२५ या संख्येला त्या सेकंदांनी भागले की दिव्याचे वॅट मिळतात. तुमच्या मीटरवर दुसरा आकडा असेल, तर ३६ लाखांना आधी त्या आकड्याने आणि मग सेकंदांनी भागावे. उपकरण विकत आणायला नको, तंत्रज्ञ बोलवायला नको.

सासूबाई मीटरसमोर खुर्ची टाकून बसल्या. प्लॅस्टर डाव्या हाताला, जपमाळ उजव्या हातात. लुकलुकले की एक मणी पुढे. नातू घड्याळ घेऊन शेजारी. पहिल्याच दिवशी गंमत झाली. सारे बंद केले तरी मीटर आपला लुकलुकतोच आहे. अर्धा तास शोध घेतल्यावर टीव्हीच्या मागे दडलेला सेट टॉप बॉक्स सापडला. टीव्ही बंद असला तरी तो जागाच होता. (त्यालाही आता स्वतंत्र बटण केले आहे.)

मग एकेक दिवा तपासला. परसातला ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावला: दहा मणी व्हायला तीन मिनिटे आणि सात सेकंद. झिरोचा लावला: दहा मण्यांना साडेबारा मिनिटे. शून्य असता तर माळ हललीच नसती. खरे आश्चर्य ट्यूबलाइटचे निघाले. तिच्यावर ४० वॅट लिहिलेले असते, पण दहा मणी तीन मिनिटे छत्तीस सेकंदांतच संपले. हिशेब ५२ वॅटचा आला. वरचे १२ वॅट पट्टीतल्या जड तांब्याच्या चोकचे. संध्याकाळभर ट्यूब चालली की तो हाताला चांगला गरम लागतो. आमच्याकडे अशा तीन ट्यूब होत्या.

तो पिवळा बल्ब इतकी वीज का खातो, हे समजून घेण्यासारखे आहे. त्यातील टंगस्टनची तार तापून पांढरीशुभ्र होते आणि तापल्यामुळेच प्रकाश देते. म्हणजे मुळात ती शेगडी आहे. शंभर भाग विजेतील जेमतेम पाच ते दहा भाग प्रकाश होतो, बाकी उष्णता. एलईडीत तार तापवावी लागत नाही. अर्धवाहक पदार्थाच्या स्फटिकातून वीज जाताना तिचे थेट प्रकाशात रूपांतर होते. लाल रंगाचा असा दिवा १९६० च्या दशकापासून होता. रेडिओवर, घड्याळात आपण तो पाहिला आहे. पण घर उजळायला पांढरा प्रकाश हवा आणि त्यासाठी निळा एलईडी हवा होता. तो साधायला जवळपास तीस वर्षे लागली. इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी ते काम केले आणि २०१४ चा पदार्थविज्ञानाचा नोबेल पुरस्कार त्यांना मिळाला. आपल्या स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या एलईडीत बहुधा निळा प्रकाशच असतो; त्यावरचा पिवळा लेप त्याला पांढरा करतो.

हे दिवे आरंभी महाग होते. केंद्र सरकारची उजाला योजना जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली आणि तिच्यासाठी एकगठ्ठा खरेदी झाली, तसा भाव झपाट्याने कोसळला. २०१४ साली सुमारे ३१० रुपयांना घेतला जाणारा दिवा २०१६ पर्यंत खरेदीत ३८ रुपयांवर आला. या योजनेत ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. म्हणजे आता किंमत ही अडचण राहिलेली नाही. राहिली आहे ती 'चालू आहे ना, मग कशाला बदलायचे' ही सवय. आमचीही तीच होती.

आम्ही तीन ट्यूबच्या जागी २० वॅटच्या एलईडी पट्ट्या लावल्या, परसात ९ वॅटचा दिवा लावला आणि देव्हाऱ्याच्या खोलीत अर्ध्या वॅटचा. ट्यूब रोज पाच तास, परसातला दिवा चार तास आणि रात्रीचा दहा तास चालतो असे धरून मुलाने वर्षाचा हिशेब मांडला. ट्यूबमधून १७५ युनिट, परसातून ७४ आणि त्या 'शून्यातून' ५३; सारे मिळून ३०० युनिट वाचतात. युनिटला आठ रुपये धरले तरी वर्षाचे २४०० रुपये होतात. खर्च आला बाराशेच्या आत. शिवाय आपल्याकडे विजेचा दर पायरीपायरीने वाढतो. १०० युनिटांपर्यंत एक दर, ३०० पर्यंत त्याहून अधिक. त्यामुळे वाचणारे युनिट हे नेहमी वरच्या, महाग पायरीवरचे असतात.

पैशापेक्षा मला दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो. आम्ही सांगलीकर समजतो की आपली वीज कोयनेची, पाण्याची, स्वच्छ. कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट आहे खरी, पण ती वीज मुख्यतः मागणी शिगेला पोहोचते तेव्हा काढली जाते. राज्याचा रोजचा भार अजून चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा अशा ठिकाणच्या कोळशावर आहे. एक युनिट विजेसाठी साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. ३०० युनिट म्हणजे दोनशे किलोच्या आसपास कोळसा. आमच्या सांगलीच्या घरातील पाच दिव्यांपायी चंद्रपूरच्या हवेत दरवर्षी तेवढा धूर आणि राख भर घालीत होती, आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. आणखी एक गोष्ट. दिवे लागतात ते नेमके सूर्य मावळल्यावर, म्हणजे सौरवीज संपल्यावर. छतावर सौरपट्ट्या बसवलेल्यांनीही, साठवणीची सोय नसेल तर, संध्याकाळची वीज बाहेरूनच येते हे ध्यानात घ्यावे.

खरेदी करताना वॅट पाहून उजेडाचा अंदाज बांधण्याची सवय सोडावी. उजेड ल्यूमेनमध्ये मोजतात. जुना ६० वॅटचा बल्ब सातशेच्या आसपास ल्यूमेन देत असे. चांगला ९ वॅटचा एलईडी नऊशे देतो. खोक्यावर ल्यूमेन आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारांकित लेबल पाहावे. रस्त्यावर ढिगात मिळणारे दिवे मी एकदा घेतले. चारांपैकी तीन दिवाळीपूर्वीच गेले. एलईडीचा स्फटिक सहसा मरत नाही, मरतो तो त्याच्या बुडाशी असलेला विजेचा लहान संच, आणि तोही बहुधा उष्णतेने. म्हणून बंद काचेच्या हंडीत साधा एलईडी कोंडून ठेवू नये.

रंगाचेही तसेच. ६५०० केल्विन म्हणजे निळसर पांढरा, २७०० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर. अभ्यासाच्या मेजावर आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर पांढरा, झोपण्याच्या खोलीत पिवळसर, असे आम्ही केले. वडीलधाऱ्यांच्या वाचनाच्या जागी मात्र कंजुषी करू नये. साठीनंतर डोळ्याची बाहुली लहान राहते, भिंग पिवळसर होते, आणि तेच अक्षर वाचायला विशीतल्यापेक्षा दोन-तीनपट उजेड लागतो. सासूबाईंच्या चौरंगाशेजारी आम्ही वेगळा दिवा दिला. खोली सारी उजळण्यापेक्षा पुस्तकावर उजेड पाडणे केव्हाही स्वस्त.

जुने सीएफएल घरात असतील तर ते वापरून संपू द्यावेत, पण केरात टाकू नयेत. त्यांत आणि ट्यूबमध्ये थोडा पारा असतो. फुटले तर खिडक्या उघडून मुलांना बाहेर काढावे, केरसुणी न फिरवता जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करावेत आणि झाकणाच्या बरणीत बंद करून इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्यांकडे द्यावेत.

आता थोडे घराबाहेरचे. आमच्या मंदिराच्या पटांगणात चातुर्मासात ५०० वॅटचे दोन हॅलोजन लागत. सकाळी खाली मेलेल्या पाऊसकिड्यांचा थर झाडून काढावा लागे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणारे आपण, पाणी गाळून पिणारे आपण. आणि आपल्याच दारात रात्रभर ही हत्या. यत्नाचार म्हणतात तो दिव्याच्या बटणापाशी थांबतो का? विश्वस्तांपुढे मी हे मांडले, तेव्हा एकाने सुचवले की एलईडी लावा, त्यावर किडे येतच नाहीत. हे पूर्ण खरे नाही. एलईडीत अतिनील किरण जवळजवळ नसतात, म्हणून किडे कमी येतात. पण निळसर पांढऱ्या एलईडीवर ते येतातच. पिवळसर दिवे लावले, त्यांना वरून झाकण देऊन उजेड जमिनीकडे वळवला आणि रात्री नऊला बंद करण्याचे ठरले, तेव्हा सकाळचा तो थर फारच विरळ झाला. अगदी नाहीसा झालेला नाही.

एक इशारा स्वतःलाच. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली लिहून ठेवले की वाफेचे इंजिन कमी कोळशात चालू लागले, म्हणून कोळसा कमी जळला नाही, इंजिनेच वाढली. आमच्या ओळखीच्या एका घरी छताखाली दुसरे छत करून त्याच्या कडेने एलईडीच्या माळा सोडल्या आहेत. त्या पाहुणे नसतानाही जळतात, कारण 'एलईडीच आहे, कितीशी वीज लागते!' पूर्वी त्या खोलीत एक ट्यूब होती. आता मोजले तर ट्यूबपेक्षा अधिक वीज जाते. परिग्रह वस्तूंचाच होतो असे नाही, उजेडाचाही होतो.

बोळात आम्ही माणूस आले की आपोआप लागणारा आणि मिनिटभराने विझणारा ५ वॅटचा दिवा बसवला. पहिल्या रात्री सासूबाई दचकल्या. "हा माझ्यावर नजर ठेवतो की काय?" म्हणाल्या. चार दिवस त्या त्याच्यावर नाराज होत्या. मग मी त्यांना त्याची दहा मिनिटे रोजची धरून वर्षाची वीज सांगितली: एका युनिटाचा तिसरा हिस्सादेखील नाही. त्यांनी आकडा नातवाकडून पुन्हा तपासून घेतला आणि त्यानंतर तक्रार केली नाही.

प्लॅस्टर निघाले, मनगट जुळले, थोडे वाकडे राहिले आहे. मीटरसमोरची खुर्ची मात्र अजून तिथेच आहे. परवा त्यांनी मला बोलावून सांगितले, की दिवे तसे लहान चोर. आपला जुना फ्रीज सुरू झाला की माळ हातात ठरत नाही. त्यांचे म्हणणे खरे आहे. फ्रीजचे मोजमाप सध्या चालू आहे. ते हाती आले की पुढील अंकात सांगेन.