सही करण्याआधी

मैत्रिणींनो, आज एक कबुली द्यायची आहे. बचत गटाच्या बायकांना मी नेहमी सांगते, "कोऱ्या कागदावर सही करू नका गं!" पण वर्षभर मीच न वाचता सह्या करत होते, आणि त्याही कुठे, तर मुलाच्या शाळेत.

गोष्ट २०१६ सालची. माझा धाकटा तेव्हा आमच्या तालुक्याच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत होता. पालकांच्या सभेत कुणीतरी माझं नाव सुचवलं आणि मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य झाले. मनातून बरंही वाटलं. बी.ए. झाल्याचा काहीतरी उपयोग! बैठक महिन्यातून एकदा व्हायला हवी, पण व्हायची क्वचितच. शिपाईमामाच वही घेऊन घरी यायचे. "ताई, तेवढी सही." गॅसवर दूध असायचं. ओला हात पदराला पुसायचा, सही करायची, मामांना चहा द्यायचा. झाली बैठक!

एकदा मुलगा वही विसरून गेला म्हणून मी दुपारी शाळेत गेले. खिचडीची वेळ होती. पोरं ताटल्या घेऊन ओळीत बसलेली. स्वयंपाक करणाऱ्या मावशी ओळखीच्याच. मी सहज विचारलं, "किती टाकता हो रोज?" त्या म्हणाल्या, "आज आठ किलो टाकलेत वहिनी." मी ताटल्यांवर नजर फिरवली. ऐंशीच्या आसपास मुलं होती. हिशेब बरोबर होता. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० आणि ३० ग्रॅम, असं सरकारी प्रमाण आहे. आमची शाळा पाचवीपर्यंतची. ऐंशी मुलं, आठ किलो. यात गणित ते काय? घरी पाहुणे आले की आपण हेच करतो.

आठवड्याने काही कामासाठी पुन्हा शाळेत गेले तेव्हा आहाराची नोंदवही टेबलावर उघडी होती. त्या दिवसाचं पान काढलं. लाभार्थी ११८. तांदूळ ११ किलो ८०० ग्रॅम. म्हणजे एका दिवसात जवळजवळ चार किलोचा फरक. महिन्याचे वीस दिवस धरले तर दीड पोतं तांदूळ! आणि शेजारच्याच वहीत समितीच्या बैठकीचा वृत्तांत होता. "सदस्यांनी पोषण आहाराची पाहणी केली. आहार समाधानकारक आढळला." खाली सही. माझी.

काय सांगू, पायाखालची जमीन सरकली. तांदूळ कुणी नेला ते पुढचं. पण तो सुखरूप जाऊ देणारी सही माझी होती!

पुढच्या बैठकीत मी विचारलं. मुख्याध्यापक आधी हसले, मग म्हणाले, "बाई, लिहिताना चूक झाली असेल. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?" घरी हे म्हणाले, "आपला मुलगा त्याच शाळेत आहे, नसत्या भानगडी नकोत." एका मैत्रिणीने तर बोलणंच टाकलं, कारण गुरुजी तिच्या माहेरच्या नात्यातले. हे सगळं तुमच्याही वाट्याला येईल, म्हणून आधीच सांगते. लहान गावात समोरचा माणूस परका नसतो, आणि तीच खरी अडचण असते.

पण तीन आया माझ्याबरोबर आल्या. आम्ही पाळ्या लावल्या. आठवड्यातून एकीने जायचं, ताटल्या मोजायच्या, तांदूळ आपल्यासमोर वजन करून घ्यायचा, तारीख घालून आपल्या वहीत लिहायचं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. महिनाभरात शाळेच्या वहीतला आकडा ताटल्यांच्या आकड्याशी जुळू लागला. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज दिला, चौकशीला माणूस येऊन गेला. आधीचा तांदूळ कुठे गेला ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. कुणाला चोर म्हणायचा हक्क मला नाही, आणि तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या मावशींना तर मुळीच दोष नाही. खरा आकडा त्यांनीच तर सांगितला!

एका खिचडीसाठी एवढं कशाला, असं कुणी म्हणेल. शाळेत शिजवलेलं अन्न द्या, असा आदेश २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला होता. २०२१ पासून योजनेचं नाव बदललं, पण ताटली तीच आहे, आणि कित्येक लेकरांचं ते दिवसातलं पहिलं पोटभर जेवण असतं. आणि बिहारमधल्या सारण जिल्ह्यातली जुलै २०१३ ची घटना आठवा. शाळेतल्या जेवणात कीटकनाशक गेलं आणि २३ मुलं दगावली. स्वयंपाकघरात डोकावणारं कुणी हवं, ते एवढ्यासाठी.

हे डोकावणं म्हणजे आगाऊपणा नव्हे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सरकारी शाळेच्या समितीत पाऊण सदस्य पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया हव्यात, असं त्यात लिहिलं आहे. शाळेला आलेलं अनुदान कसं खर्च झालं, हे पाहणं समितीचं कामच आहे. समितीत नसाल तरी माहितीचा अधिकार आहे. आपल्या राज्याचा स्वतःचा कायदा २००२ चा होता, आता देशाचा २००५ चा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून साध्या मराठीत अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे अपील. मात्र "सगळी माहिती द्या" असं लिहू नका. "अमुक महिन्याच्या आहार नोंदवहीची प्रत द्या" असं नेमकं मागा.

आणि जे शाळेचं, तेच पंचायतीचं. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या झाल्या. पण किती ठिकाणी सरपंचबाई घरात आणि सरपंचपती खुर्चीत! सही बाईंची, कारभार दुसऱ्याचा. उद्या चौकशी लागली की नोटीस मात्र बाईंच्या नावाने येते. गावात राहत असाल तर ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, हे लक्षात ठेवा. तिथे जा. आणि इतिवृत्त वाचून दाखवा म्हणा, मगच सही करा.

अगं, भाजीवाल्याकडून दोन रुपये परत घ्यायला आपण विसरत नाही. किराण्याची यादी दोनदा तपासतो. दुधाच्या रतिबाचे खाडे कॅलेंडरवर लिहून ठेवतो. तोच चोखपणा चार घरांपलीकडच्या शाळेत नेला तर काय बिघडेल?

शिपाईमामा आजही भेटतात. त्यानंतर समितीत होते तोवर ते वही घेऊन आले की मी म्हणायची, "बसा मामा, चहा घ्या. तोवर मी वाचते." चहा संपायचा आणि वाचूनही व्हायचं. एवढाच वेळ लागतो, मैत्रिणींनो.